डॉक्टरच्या शेजारचा माणूस

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, मी माइक जवळ घेतो. वयानुसार आवाज खाली उतरत चाललाय.

मागच्या व्याख्यानात आपण 'जाणकार कुणाला म्हणायचं' हा प्रश्न घेतला होता. ते संपल्यावर एक गृहस्थ मला जिन्यात भेटले. ते नुकतेच अमेरिकेत मुलीकडे जाऊन आले होते. तिथं त्यांचा गुडघा सुजला, मुलीने दवाखान्यात वेळ घेतली. एक तरुण बाई आली, तिने अर्धा तास नीट तपासलं, विचारपूस केली, गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, त्या डॉक्टर नव्हत्या, फिजिशियन असिस्टंट होत्या." गृहस्थ मला म्हणाले, "सर, गुडघा बरा झाला. पण मला अजून कळत नाही, माझी फसवणूक झाली की नाही?"

मी त्यांना म्हटलं, याचं उत्तर जिन्यात देण्यासारखं नाही. तर आजचं व्याख्यान त्या गुडघ्याचं आहे म्हणा ना.

सुरुवात मात्र मी अमेरिकेतून करणार नाही, आमच्या घरातून करतो. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, एका तालुक्याच्या गावात कंपाउंडर होते. १९४१ सालापासून जवळजवळ पस्तीस वर्षं, एकाच डॉक्टरांकडे. डॉक्टर एलसीपीएस होते. दवाखाना म्हणजे रस्त्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीला लागून दोन बाकं, मधे हिरवा पडदा, पडद्यामागं डॉक्टर, आणि बाजूला लाकडी खिडकी. त्या खिडकीमागं नाना. आमच्या पिढीला हे वर्णन करून सांगायची गरज नाही, पण समोर तरुण मंडळी दिसताहेत म्हणून सांगतो. औषध तेव्हा पाकिटात येत नव्हतं, दवाखान्यात तयार व्हायचं. मोठ्या बरण्यांत मिक्श्चर: खोकल्याचं लाल, पोटाचं पांढरट, तापाचं कडू. पेशंटनं बाटली घरून आणायची. नाना ती विसळायचे, मापाने औषध ओतायचे, आणि कागदाची एक पट्टी कात्रीने दोन्हीकडून दातेरी कापून खळीने बाटलीला डकवायचे. एक दात म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून. पुड्या बांधायचे त्या अशा, की खिशात उलटसुलट झाल्या तरी कणभर सांडायचं नाही. जखम धुणं, पट्टी बांधणं, गळू फोडताना पोराचा हात धरणं, इंजेक्शनच्या सुया उकळणं, आणि पुढंपुढं इंजेक्शन देणंही त्यांच्याकडेच आलं.

मी शाळेतून परतताना त्यांचा डबा पोचवायला जायचो, आणि उगाच तिथं रेंगाळायचो. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, तिचं महत्त्व मात्र फार उशिरा कळलं. नाना रांग मोडायचे. वीस माणसं बाकावर, ओट्यावर, पायरीवर बसलेली असायची, आणि नाना खिडकीतून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायचे. मग मधल्याच कुणाला तरी म्हणायचे, "तुम्ही आत जा आधी." एकदा एका बाईच्या मांडीवर बाळ होतं. रडत नव्हतं, शांत होतं. बाकीच्या पोरांनी दवाखाना डोक्यावर घेतलेला, आणि नानांनी या शांत बाळाला आत पाठवलं. रात्री मी विचारलं तर म्हणाले, "जे रडतंय त्याच्यात जीव आहे. आईच्या अंगाला लागूनही जे तोंड लावत नाही, त्याची भीती वाटते." आज वैद्यकीय महाविद्यालयात हे शिकवतात, त्याला नाव आहे, तक्ते आहेत. नाना सातवी पास होते.

आता हा माणूस आला कुठून? म्हणजे नाना नव्हे, ही जागा.

आधुनिक वैद्यक आपल्याकडे आलं ते डॉक्टरांच्या आधी मदतनिसांच्या रूपाने आलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. कंपनी सरकारला फौजेसाठी आणि जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी हाताखालची माणसं हवी होती. कलकत्त्यात १८२२ मध्ये त्यासाठी नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन निघाली. मुंबईत १८२६ मध्ये तशीच शाळा निघाली, डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. या शाळेचं वैशिष्ट्य असं, की शिकवणं देशी भाषांतून चालायचं, आणि मॅक्लेनन यांनी त्यासाठी वैद्यकाची पुस्तकं मराठी-गुजरातीसारख्या भाषांत उतरवून घेतली. म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं १८४५ ला, आणि मराठीतून शरीरशास्त्र शिकवायचा प्रयत्न त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी होऊन, गुंडाळलाही गेला होता. १८३२ मध्ये ती शाळा बंद पडली. मराठीतून विज्ञान शिकवता येतं का, यावर आपण अजून परिसंवाद घेतो, तेव्हा मला हे साल आठवतं. असो, विषय वेगळा आहे.

पुढे या माणसाला हॉस्पिटल असिस्टंट म्हणू लागले, नंतर सब-असिस्टंट सर्जन. नाव बघा: सर्जन, त्याचा असिस्टंट, आणि त्याच्याही खालचा. त्यांच्यासाठी मेडिकल स्कूलं होती, पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल त्यातलंच. मुंबईला १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं, त्याची ती एलसीपीएस ही पदविका. याच वर्षी मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. म्हणजे एकीकडे कुंपण घातलं आणि त्याच वर्षी कुंपणाला एक लहान फाटकही ठेवलं. या पदविकावाल्यांना लायसेन्शिएट म्हणत. अभ्यासक्रम पदवीपेक्षा लहान, फी कमी, आणि माणूस तालुक्याला जायला तयार.

मग आली भोर समिती. १९४३ ला नेमली, १९४६ ला अहवाल. सर जोसेफ भोर हे आय.सी.एस. अधिकारी अध्यक्ष. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना याच अहवालातली आहे, आणि तो अहवाल आजही वाचावा असा आहे. त्या वेळी अविभाजित ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेले डॉक्टर सत्तेचाळीस हजारांच्या घरात होते. त्यातले पदवीधर अठरा हजारांच्याही आत. बाकी सगळे लायसेन्शिएट. म्हणजे देशाचं दुखणंखुपणं ज्यांच्या जिवावर चाललं होतं ते बहुसंख्य डॉक्टर 'कमी शिकलेले' होते. आणि समितीने बहुमताने काय शिफारस करावी? यापुढे एकाच प्रकारचा डॉक्टर हवा, पूर्ण पदवीचा. लायसेन्शिएटचं शिक्षण थांबवा. सगळ्या सदस्यांना हे पटलं नव्हतं, काहींनी वेगळं मत नोंदवलं, की पुरेसे पदवीधर तयार होईपर्यंत तरी हे दार लावू नका. पण दार लागलं. मेडिकल स्कूलं एक तर बंद झाली किंवा त्यांची कॉलेजं झाली. पुण्याचं बी. जे. त्याच १९४६ साली कॉलेज झालं.

बहुमताचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. तो मोठा उदात्त होता. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात श्रीमंताला एक डॉक्टर आणि गरिबाला दुसरा, हे का असावं? शहराला पूर्ण ज्ञान आणि खेड्याला अर्धं? तत्त्व म्हणून याला उत्तर नाही. फक्त झालं असं, की पूर्ण ज्ञानाचा डॉक्टर तयार झाला आणि तो शहरात राहिला. मग खेड्यात अर्ध्या ज्ञानाचा मनुष्यही उरला नाही. जी जागा रिकामी झाली ती कुणी भरली, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुठं नाना होते, कुठं नानांकडून चार गोष्टी उचललेला आणि सिरिंज घेऊन सायकलवर निघालेला एखादा.

मी वैद्यकाचा माणूस नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला. त्यामुळे मला इथं प्लेटो आठवतो, तुम्हाला चालेल ना? 'लॉज' म्हणून त्याचा म्हातारपणीचा ग्रंथ आहे. त्याच्या चौथ्या भागात कायदे कसे करावेत याची चर्चा चालली असताना मधेच डॉक्टरांचा विषय निघतो. तिथं म्हटलंय, की काही डॉक्टर असतात आणि काही डॉक्टरांचे चाकर असतात, आणि आपण दोघांनाही डॉक्टरच म्हणतो. हे चाकर मालकाचं बघून, त्याची आज्ञा पाळून, अनुभवाने शिकतात. ते बहुतेक वेळा गुलामांवर उपचार करतात. रोग्याला काही विचारत नाहीत, काही समजावत नाहीत, हुकूम दिल्यासारखं औषध देतात आणि पुढच्याकडे पळतात. स्वतंत्र डॉक्टर मात्र स्वतंत्र माणसांकडे जातो, त्यांच्याशी आणि घरच्यांशी बोलतो, त्यांच्याकडून शिकतो, त्यांना पटवतो आणि मगच औषध देतो.

मी हा उतारा वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. कायद्याने नुसता हुकूम करू नये, आधी पटवावं, हे सांगायला प्लेटोने दिलेला दृष्टान्त म्हणून. सेवानिवृत्तीच्या आसपास कधीतरी शिकवता शिकवता मी थबकलो. कारण माझ्या डोळ्यांसमोर दवाखाना आला, आणि तिथं सगळं उलटं होतं. हुकूम देऊन पुढच्याकडे पळणारे होते ते डॉक्टर. दिवसाला साठ-सत्तर पेशंट, ते तरी काय करणार? आणि बाटलीवर पट्टी डकवता डकवता 'हे कशासाठी, जेवणाआधी की नंतर, भात खायचा की नाही, सून ऐकत नसेल तर काय करायचं', हे सगळं बोलणारे होते ते नाना. प्लेटोच्या हिशेबाने स्वतंत्र वैद्याचं काम चाकर करत होता.

आपल्याकडे चरकाने ही मांडणी वेगळी केली आहे. चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला चरक उपस्थाता म्हणतो, जवळ उभा राहणारा. वैद्य चौघांत मुख्य, यात शंका ठेवलेली नाही. पण चारही पायांचे चार-चार गुण सांगितले आहेत, आणि उपस्थात्याच्या गुणांत उपचाराचं ज्ञान पहिलं येतं. मग दक्षता, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. म्हणजे चरकाच्या मते तो नुसता हरकाम्या नाही, त्याला कळलं पाहिजे. आता चरकाला सगळं ठाऊक होतं अशातला मी नाही. पण गाडीचं चाक मोजताना त्याने चौथं विसरलं नाही, एवढं म्हणतो.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. डॉक्टर हयात नाहीत, नाना नाहीत, गावाचं नाव मी घेत नाही.

१९६२ ची असेल. मी बारा वर्षांचा, डबा घेऊन गेलो होतो. डॉक्टर व्हिजिटला बाहेरगावी गेले होते. एक शेतकरी आठ-नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आला, पोट दुखतंय म्हणून. डॉक्टरांनी घालून दिलेला रिवाज होता, की मी नसलो आणि कुणी पोटदुखीचं आलं, तर एरंडेल द्या आणि संध्याकाळी बोलवा. नानांनी पोट दाबून पाहिलं. मला आठवतं, ते थोडा वेळ थांबले होते. मग एरंडेल दिलं. ते अपेंडिक्स निघालं. अशा वेळी जुलाबाचं औषध देणं म्हणजे काय, हे इथं बसलेले डॉक्टर सांगतील. आतड्याला जोर बसतो आणि सुजलेलं ते फुटू शकतं. रात्री पोर कडकडीत तापलं, पोट फळीसारखं झालं. पहाटे ट्रकमध्ये घालून मिरजेला नेलं, पोट उघडलं, आणि नशिबाने वाचलं. आठवड्यानंतर त्याचा बाप आणि चार माणसं दवाखान्यात आली. डॉक्टरांनी भरल्या दवाखान्यात नानांना विचारलं, "तुला डॉक्टरकी करायला कुणी सांगितली होती?"

नाना म्हणाले, "चुकलं, डॉक्टर."

बस. दुसरं काही बोलले नाहीत. त्यानंतरही डॉक्टर व्हिजिटला जायचे, तेव्हा दवाखाना नानाच सांभाळायचे. फक्त एरंडेलाची बाटली त्यांनी वरच्या फळीवर ठेवली होती.

मला यात एकट्या डॉक्टरांना दोषी ठरवायचं नाही. माझा प्रश्न असा आहे, की ती चूक नक्की कुणाची होती? हुकूम डॉक्टरांचा, हात नानांचा, आणि ती क्षणभराची शंका, जी नानांच्या बोटांना आली होती, ती बोलून दाखवायला दवाखान्यात जागाच नव्हती. काम सोपवलेलं होतं, पण सोपवलं आहे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे बरं झालं की डॉक्टरांच्या हाताचा गुण, बिघडलं की कंपाउंडरचा आगाऊपणा. अमेरिकेची गोष्ट मी आत्तापर्यंत मागं ठेवली ती यासाठी.

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात गार्लंड नावाचं खेड्यासारखं गाव आहे. तिथं डॉ. एमॉस जॉन्सन नावाचे जनरल प्रॅक्टिशनर होते. देशभरच्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या संघटनेचे ते पुढे अध्यक्ष झाले, त्यामुळे सारखे प्रवासात. मग दवाखाना कोण चालवायचं? हेन्री 'बडी' ट्रेडवेल नावाचा त्यांचा मदतनीस. कृष्णवर्णीय माणूस, आणि वर्णभेदाच्या काळातलं दक्षिणेतलं राज्य. वैद्यकाची कुठलीही पदवी नाही, जॉन्सननी हाताखाली शिकवलेलं. जखमा शिवायचा, तपासायचा, कुणाला थांबवता येईल आणि कुणाला ताबडतोब पुढं पाठवायचं हे ओळखायचा. नाना, नुसतं गाव बदललेलं!

त्याच राज्यात ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड हे वैद्यक विभागाचे प्रमुख होते. जॉन्सन आणि ट्रेडवेल यांची जोडी त्यांना माहीत होती, आणि आपल्या कल्पनेमागे त्या जोडीचा वाटा आहे हे ते मोकळेपणाने सांगत. डॉक्टरांची टंचाई होती. स्टेडनी आधी काय केलं, तर नर्सेसना वरचं शिक्षण द्यायचं ठरवलं. थेल्मा इंगल्स नावाच्या प्राध्यापिका त्यांच्याबरोबर होत्या, १९५७ च्या सुमारास दोघांनी मिळून तसा अभ्यासक्रम उभा केला. पण नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तो नाकारला. डॉक्टरांची कामं नर्सेसना शिकवणं त्यांना पसंत नव्हतं. त्यांची बाजूही समजून घ्या: नर्सिंग हा डॉक्टरचा हात नाही, तो स्वतंत्र व्यवसाय आहे, हे सिद्ध करायला त्या बायका दोन पिढ्या झगडत होत्या.

मग स्टेड वळले नौदलातून परतलेल्या कोर्‌मनांकडे, म्हणजे जहाजावर, युद्धात औषधोपचार करणारे सैनिक. गोळी काढलेली, हाड बसवलेलं, आणि घरी आल्यावर काय? हॉस्पिटलात खाटा ढकलण्यापलीकडे काम मिळेना. १९६५ च्या ऑक्टोबरात असे चौघे घेऊन ड्यूकमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९६७ मध्ये त्यातले तिघे उत्तीर्ण झाले. आज अमेरिकेत या व्यवसायात दीड लाखाहून जास्त माणसं आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. गंमत बघा, बायकांना नाकारलेल्या वाटेवरून पुरुष आत गेले आणि साठ वर्षांत ती वाट बायकांची झाली. बडी ट्रेडवेल मात्र त्या वर्गात कधीच बसला नाही. ज्याच्यावरून कल्पना सुचली त्याला प्रमाणपत्र नाही.

सियाटलला वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये मेडेक्स नावाचा दुसरा नमुना काढला, तो आपल्या विषयाला जास्त जवळचा आहे. थोडे महिने विद्यापीठात, आणि मग जवळजवळ वर्षभर एखाद्या खेड्यातल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, त्याच्या शेजारी उभं राहून. शिकल्यावर बहुधा तिथंच नोकरी. म्हणजे डॉक्टर स्वतःचा माणूस स्वतः घडवतो, पण विद्यापीठाच्या देखरेखीखाली.

पण शिक्षणापेक्षा महत्त्वाचं काय घडलं, तर कायदा. नॉर्थ कॅरोलायनाने १९७१ मध्ये कायद्यातच सांगितलं, की डॉक्टर आपलं काम अशा प्रशिक्षित मदतनिसाकडे सोपवू शकतो, देखरेख त्याची, जबाबदारी त्याची. दोन वर्षांनी राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. एरंडेलाच्या बाबतीत जे लिहिलेलं नव्हतं ते इथं लिहिलं गेलं. आता 'तुला कुणी सांगितलं होतं' असं डॉक्टरला विचारता येत नाही, कारण कुणी सांगितलं होतं ते कागदावर असतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही, आणि हा भाग मला फार बोलका वाटतो. १९७७ मध्ये अमेरिकन संसदेने ग्रामीण दवाखान्यांसाठी कायदा केला, डॉक्टर हजर नसला तरी तिथल्या असिस्टंटने दिलेल्या सेवेचे पैसे सरकारी विम्यातून मिळू लागले. त्यानंतर खेड्यांतले दवाखाने या लोकांवर उभे राहिले. १९९७ मध्ये सगळीकडे मोकळीक मिळाली, दर ठरला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. पण एक पोटनियम आहे. डॉक्टरने पेशंटला पहिल्यांदा तपासून उपचार ठरवून दिला असेल, आणि पुढच्या खेपेला असिस्टंटने पाहिलं तेव्हा डॉक्टर त्याच जागेत हजर असेल, तर ते बिल डॉक्टरच्या नावाने लावता येतं आणि पूर्ण १०० टक्के मिळतात. आता तुम्हीच सांगा, दवाखान्याचा हिशेबनीस काय करेल? जिथं नियमात बसेल तिथं नाव डॉक्टरचं लावेल. म्हणजे काम तिचं, नोंद त्याची. इतके कायदे, परीक्षा, विद्यापीठं होऊन गेली, आणि पंधरा टक्क्यांसाठी माणूस पुन्हा पडद्याआड जातो. सरकारी विम्याच्या नोंदीत कोणत्या असिस्टंटने किती रुग्ण पाहिले हे त्यामुळे नीट कळतच नाही. ज्याची नोंद नाही त्याचा इतिहास लिहायचा कसा, हा आमच्या धंद्यातला जुना रडगाणं विषय, तो असा संगणकाच्या युगातही शिल्लक आहे.

ब्रिटनमध्ये भांडण नावावरून पेटलं. तिथं या लोकांना फिजिशियन असोसिएट म्हणू लागले होते. रुग्णांना वाटायचं, हे डॉक्टरच. काही ठिकाणी चुका झाल्या, त्या जिवावर बेतल्या, तरुण डॉक्टरांनी विरोध केला. शेवटी सरकारने प्राध्यापक जिलियन लेंग यांना चौकशी करायला सांगितलं. त्यांच्या २०२५ च्या अहवालाने सुचवलं, की पुन्हा 'असिस्टंट'च म्हणा, आणि ज्याच्या रोगाचं निदान अजून झालेलं नाही असा रुग्ण थेट त्यांच्यापुढे बसवू नका. याउलट अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये 'असिस्टंट' सोडून 'असोसिएट' शब्द घेतला. एकाच कामाची नावं समुद्राच्या दोन बाजूंना विरुद्ध दिशेने चालली आहेत.

भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये मद्रासला, डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला, हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून. त्यामुळे आपल्याकडचे फिजिशियन असिस्टंट मोठ्या इस्पितळांत जास्त, ओपीडीच्या बाकासमोर कमी. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात त्यांचं नाव आलं, ही मोठी गोष्ट आहे. खेड्याच्या बाजूला वेगळाच प्रवाह चालला. आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायकांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती दिलं. आज महाराष्ट्रात उपकेंद्रावर जे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात त्यांतले बरेच बीएएमएस झालेले आहेत, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण. १९४६ ला जे दार लावलं, त्याच्या बाजूला आपण गेली पन्नास वर्षं खिडक्या पाडतो आहोत, आणि प्रत्येक खिडकीला नवं नाव देतो आहोत.

तर आता तो गुडघा. फसवणूक झाली का? माझं मत सांगतो, पटलंच पाहिजे असं नाही. त्या बाईंनी तपासलं यात फसवणूक नाही. तिला जे येतं ते तिला शिकवलेलं आहे, आणि जे येत नाही त्यासाठी कुणाला बोलवायचं हे ठरलेलं आहे. नानांपेक्षा ती फार सुरक्षित जागी उभी आहे, आणि म्हणून पेशंटही. पण खोलीत शिरताना 'मी डॉक्टर नाही, मी अमुक' हे तिने सांगितलं होतं का, असं मी त्या गृहस्थांना नंतर फोनवर विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं असेल हो, इंग्रजी भराभर बोलत होती, मी आपलं यस यस म्हणत होतो." प्लेटो काय म्हणाला असता? औषध देण्याआधी रोग्याला पटवलं पाहिजे, तर मग देणारा कोण आहे हे कळणं त्याच्याही आधीचं. आणि हे तिने सांगून भागत नाही, त्यांना कळेपर्यंत सांगायला हवं होतं. तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं खरं.

वेळ होत आलीय. प्रश्न? बोला... मोठ्याने बोला.

विचारताहेत, की कंपाउंडरांना पुढे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळाली होती ना, मग नानांना मिळाली का.

प्रश्न बरोबर आहे. १९४८ चा फार्मसी कायदा. औषध बनवणं आणि देणं नोंदणीकृत माणसानेच करावं असं ठरलं. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायला सवलत ठेवली, म्हणून आमचा दवाखाना तसाच चालू राहिला. आणि जुन्या कंपाउंडरांसाठी एक वाट ठेवली, की परीक्षा नसली तरी पाच वर्षं दवाखान्यात औषधं बनवण्याचा अनुभव असेल तर पहिल्या नोंदवहीत नाव घालता येईल. नानांची तेव्हा पाचाहून जास्त वर्षं झाली होती. दाखला द्यायचा होता डॉक्टरांनी. काकू सांगायची, नाना तीनदा कागद घेऊन गेले. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले ठेवून जा, दुसऱ्यांदा म्हणाले कुठं ठेवला गेला सापडत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "नाना, तू दुकान काढून गेलास तर मी काय करू?"

नाना चौथ्यांदा गेले नाहीत. मुदत संपली.

आणि हेही सांगायला हवं, की माझी कॉलेजची चार वर्षांची फी त्या डॉक्टरांनी भरली. न मागता. दर जूनमध्ये नानांच्या हातात पाकीट द्यायचे, वर माझं नाव लिहिलेलं असायचं, सुंदर अक्षरात. पाकिटं मी ठेवली आहेत.

दुसरा कुणाचा प्रश्न आहे का? नसेल तर थांबू. खाली चहा आहे असं म्हणताहेत.